घरी बनवलेल्या ॲक्रिलिक फिश टँकचं ब्रेसिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचेच्या टँकला वरती दोन पट्ट्या मारल्या की काम होतं, मग ॲक्रिलिकला एवढी कटकट कशाला?

कारण काच वाकत नाही आणि ॲक्रिलिक वाकतं. काच ॲक्रिलिकपेक्षा वीस पटीहून जास्त ताठ असते, त्यामुळे काचेच्या टँकमध्ये आपल्याला भीती फुटण्याची असते आणि ॲक्रिलिकमध्ये पोट येण्याची. आणि हे पोट पाणी भरलं त्या दिवशी जेवढं दिसतं तेवढ्यावर थांबत नाही. ॲक्रिलिकवर सतत लोड राहिला की ते हळूहळू ताणत जातं, आज 3 एमएम असेल तर सहा महिन्यांनी जास्त दिसणार. म्हणून ब्रेस, म्हणजे टँकच्या वरच्या कडेवर सपाट बसणारी चौकट, ही नंतर लावायची पट्टी नाही, तळ जसा टँकचा भाग आहे तशीच ब्रेसही. डिझाईन करतानाच ती धरायची, शीट घेतानाच तिचे पैसे धरायचे.

पाण्याचा जोर नक्की किती असतो? टँक 300 लिटरचा आहे म्हणजे 300 किलो का?

300 किलो तळावर. समोरच्या पॅनलवर किती ते लिटरवर ठरत नाही, पाण्याच्या उंचीवर आणि पॅनलच्या लांबीवर ठरतं. 120 सेमी लांब आणि 60 सेमी उंच पॅनल काठोकाठ भरलं तर तळाशी दर चौरस सेमीला 60 ग्रॅम, वर शून्य, सरासरी 30. गुणिले 7200 चौरस सेमी, म्हणजे 216 किलो बाहेर ढकलतायत. तोच टँक 45 सेमी उंच केला तर साधारण 121 किलो. उंची फक्त 15 सेमीने वाढली आणि जोर पावणेदोन पट झाला, म्हणून कोणी विचारलं की लांब करू की उंच करू तर माझं उत्तर नेहमी लांब करा हेच असतं. टँकची रुंदी मात्र कितीही वाढवा, समोरच्या पॅनलला काही फरक पडत नाही. हे लोकांना पटतच नाही पण असंच आहे.

दाब तळाला जास्त ना? मग ब्रेस वरती का?

तळाची कड तळाच्या शीटला चिकटलेली आहे, बाजूच्या कडा साईड पॅनलला चिकटलेल्या आहेत, मोकळी राहते ती फक्त वरची कड. जिथे धरायला कोणी नाही तिथेच पॅनल सगळ्यात जास्त बाहेर येतं, दाब तिथे कमी असला तरी. ती कड धरली की पॅनल चारही बाजूंनी बांधलं जातं आणि मग उरलेला फुगवटा मधोमध, थोडा खालच्या बाजूला, येतो. तो शीटच्या जाडीने सांभाळायचा.

ब्रेस किती रुंद हवी? 1 इंचाची पट्टी चालेल का, वरून दिसायला बरी दिसते.

दिसते बरी, काम काही करत नाही.

फूटपट्टी आडवी धरून वाकवा, सहज वाकते. तीच उभ्या कडेवर धरून वाकवून बघा. ब्रेस टँकवर सपाट पडलेली असते आणि पाणी तिला तिच्या रुंदीच्या दिशेने ढकलत असतं, म्हणजे पाण्यासमोर ती कडेवरच उभी असते. 75 एमएम रुंद आणि 12 एमएम जाड पट्टी या दिशेने चपट्या दिशेपेक्षा जवळपास चाळीस पट ताठ असते. ताठपणा रुंदीच्या घनाने वाढतो, 50 एमएमची 75 केली की तीन पटीहून जास्त फायदा. जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. म्हणून ब्रेसमध्ये पैसे घालायचे तर रुंदीत घाला, एकावर एक दोन पट्ट्या चिकटवण्यात नको.

साधा ठोकताळा: 45 सेमी रुंद टँकला चारही बाजूंनी 75 एमएम, जाडी भिंतीएवढीच.

चार पट्ट्या कापून कोपऱ्यात जोडल्या तर? शीट वाचते.

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं कारण मला माहितीये. 8 बाय 4 ची शीट म्हणजे साधारण 2.98 चौरस मीटर. 120 × 45 × 60 च्या टँकला पाच पॅनल मिळून 2.52 लागतात, वरची अख्खी फ्रेम धरली की 3.06 होतात आणि शीट पुरत नाही, कितीही डोकं लढवून कटिंग प्लॅन काढा. मग माणूस उरलेल्या कटपीसमधून पट्ट्या काढतो.

नका काढू. चार पट्ट्यांच्या फ्रेममध्ये चार कोपरे म्हणजे चार बट जॉइंट, नुसती कडेला कड लावून जोडलेले, आणि ताण नेमका कोपऱ्यातच येतो. समोरची पट्टी बाहेर जायला बघते, साईडची तिला ओढून धरते, मध्ये फक्त 12 एमएम जाडीचा एक जॉइंट. एकाच शीटमधून अख्खी फ्रेम कापली तर कोपऱ्यात जॉइंटच नाही. 120 × 45 चा एक वेगळा पीस घ्या, कटपीस म्हणून मिळाला तर स्वस्त पडतो, आणि मधून जे दोन तुकडे निघतात त्यांची झाकणं करा, वाया काही जात नाही.

आतले कोपरे गोल का करायचे? सुताराने काटकोनात कापून दिलेत.

परत द्या. आतला टोकदार कोपरा म्हणजे तडा जायची तयार जागा, सगळा ताण त्या एका टोकावर गोळा होतो. किमान 25 एमएम रेडियस ठेवा, 50 असेल तर उत्तम. ज्याच्याकडे राउटर, म्हणजे कड कोरायचं मशीन, आहे तो टेम्प्लेट लावून एका फटक्यात करतो. राउटर नसेल तर आधी कोपऱ्यांवर मोठ्या होल-सॉने भोकं पाडा, मग जिगसॉने एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ कापत जा, आणि शेवटी आतली कड फाईल आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. कटिंगच्या बारीक खाचा ठेवू नका, प्रत्येक खाच हा छोटा टोकदार कोपराच आहे.

मधली आडवी पट्टी, क्रॉस ब्रेस, कधी लागते?

90 सेमीपर्यंत नुसती चौकट चालते. 120 ला मी मध्ये एक घ्यायला सांगतो, 180 ला दोन. मोकळी लांबी निम्मी केली की कागदावरच्या हिशोबाने वाकणं सोळाव्या हिश्शावर येतं, प्रत्यक्षात फायदा थोडा कमी असतो पण दुसऱ्या कशानेही एवढ्या स्वस्तात एवढं मिळत नाही. 120 × 45 वर 75 एमएमची चौकट आणि मध्ये 150 एमएमची पट्टी धरली तर 45 × 30 सेमीची दोन ओपनिंग उरतात. हात जातो, जाळी जाते, दगड ठेवता येतात. क्रॉस ब्रेसही त्याच शीटमधून निघालेली पाहिजे, वरून चिकटवलेली नाही.

लाईटची सावली पडते अशी तक्रार असते. पारदर्शक शीट आहे, पुसत राहिलात तर सावली पडत नाही, क्षार साचू दिलेत तर पडेल.

जाडी किती घ्यायची?

ब्रेस नीट असेल असं धरून: 30 सेमी उंचीला 6 एमएम, 45 ला 10, 60 ला 12, 75 ला 18 ते 20. आपले सुतार आणि साईनबोर्डवाले सुतात बोलतात, चार सूत म्हणजे अर्धा इंच, साधारण 12.7 एमएम, ऑर्डर देताना एमएममध्ये सांगा आणि शीट आली की कॅलिपरने स्वतः मोजा, कास्ट शीटची जाडी थोडी खालीवर असते. वाकणं जाडीच्या घनाने कमी होतं, 10 चं 12 केलं की फुगवटा सुमारे 58 टक्क्यांवर येतो. दोन एमएमसाठी घासाघीस करू नका.

ब्रेस नको, रिमलेसच, म्हणजे वरची कड पूर्ण मोकळी असलेला टँक, हवा असेल तर हे आकडे विसरा आणि काचेचा टँक घ्या. ॲक्रिलिकचा रिमलेस छोट्या टँकपुरता ठीक आहे.

कास्ट की एक्सट्रूडेड? दुकानदार म्हणतो सेम आहे.

सेम नाही. कास्ट म्हणजे साच्यात ओतून केलेली शीट, एक्सट्रूडेड म्हणजे मशीनमधून दाबून काढलेली. एक्सट्रूडेड स्वस्त, जाडी एकसारखी, पण जोडायचं केमिकल लागलं की त्यात बारीक बारीक चिरा, म्हणजे क्रेझिंग, लवकर येतं. टँकसाठी कास्टच. मुंबईत शीट साईनबोर्ड, ट्रॉफी, दुकानाचं डिस्प्ले बनवणाऱ्यांकडे मिळते, कापूनही तेच देतात. फक्त गणपतीच्या आधी जाऊ नका, थर्माकोल बंद झाल्यापासून ॲक्रिलिकच्या मखरांची कामं असतात आणि तुमच्या टँकच्या कटिंगकडे कोणी बघणार नाही, बघितलं तर घाईत कापून देणार. मासे, फिल्टर, पंप वगैरे क्रॉफर्ड मार्केटला मिळेल, पण टँकवाल्याला ॲक्रिलिकच्या ब्रेसिंगबद्दल विचारू नका, तो काचवाला आहे आणि तुम्हाला सिलिकॉनची ट्यूब देईल.

सिलिकॉनने ब्रेस चिकटवली तर काय होतं?

सुटते. सिलिकॉन काचेला धरतं, ॲक्रिलिकला नुसतं टेकून राहतं, नखाने सोललं तरी निघतं. ॲक्रिलिकचा जॉइंट चिकटवायचा नसतो, विरघळवून एकजीव करायचा असतो.

लेझर कटिंग करून घेतलं तर कड एकदम काचेसारखी येते, मग चांगलंच ना?

शोकेससाठी चांगलं. लेझरने कड वितळून कापली जाते आणि तिथे आतला ताण अडकून बसतो, त्यावर केमिकल लागलं की चिरा. फ्लेम पॉलिश, म्हणजे ज्योत फिरवून चकचकीत, केलेल्या कडेचंही तेच. भिंतीच्या ज्या वरच्या कडेवर ब्रेस बसणार ती सॉने कापून मग राउटरने किंवा रंध्याने सपाट केलेली पाहिजे, मॅट दिसली तरी चालेल. लेझरचंच करायचं असेल तर आतला ताण घालवायला साधारण 80 डिग्रीला ओव्हनमध्ये तापवून (ॲनील करून) हळूहळू थंड करावं लागतं आणि 120 सेमीचा पीस जाईल एवढा ओव्हन कोणाच्या घरात आहे?

क्लोरोफॉर्म वापरू की वेल्ड-ऑन?

आपल्याकडे ॲक्रिलिकवाले क्लोरोफॉर्मच वापरतात, छोट्या डब्या, ट्रॉफ्या त्यावर वर्षानुवर्षं निघतायत. जॉइंट होतो. पण टँकसाठी मी वेल्ड-ऑन या ब्रँडचं 3 किंवा 4 सारखं पातळ सॉल्व्हंट, म्हणजे ॲक्रिलिक विरघळवणारं केमिकल, आणि जिथे फट आहे तिथे 40 सारखं दोन भागांचं, असंच सांगेन. दोन भागांचं फट भरूनही ताकद देतं, पातळ सॉल्व्हंट फट अजिबात भरत नाही.

वाफेबद्दल एकदाच लिहितो. क्लोरोफॉर्म असो की असल्या पातळ सॉल्व्हंटमधलं डायक्लोरोमिथेन, वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि दोन्हीवर कॅन्सरच्या शक्यतेचा शिक्का आहे. वन रूम किचनमध्ये दार लावून, पंखा बंद करून, पोरं त्याच खोलीत, असं करू नका. गॅलरीचं दार उघडं, पंख्याची हवा बाहेरच्या दिशेने, नायट्राइल ग्लोव्हज सॉल्व्हंटसमोर फार टिकत नाहीत म्हणून थेंब पडला की लगेच बदला.

पावसाळ्यात जोडलं तर जॉइंट पांढरा का पडतो?

मुंबईचा खास प्रश्न. डायक्लोरोमिथेन 40 डिग्रीच्या आसपासच उकळतं, म्हणजे ते फार पटकन उडतं, उडताना कड थंड करतं, आणि जुलैच्या हवेत जी ओल असते ती त्या थंड कडेवर बसते. ती जॉइंटमध्ये अडकली की धुरकट पांढरी पट्टी. दिसायला वाईट आणि ताकदीलाही कमी. एसी चालवून खोली दोनेक तास कोरडी करा आणि शीटही आधीपासून त्याच खोलीत ठेवा, पण केमिकल ओतायच्या वेळी परत हवा खेळती ठेवा. नाहीतर सरळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीमध्ये करा, मासे कुठे पळून जात नाहीयेत.

ब्रेसचा जॉइंट प्रत्यक्ष मारायचा कसा?

टँक उलटा करायचा. ब्रेसची शीट सपाट टेबलावर, चारही बाजूंनी 2-3 एमएम जास्त ठेवलेली, आणि त्यावर टँकच्या भिंती उभ्या. शीटवरचा संरक्षक कागद फक्त जॉइंटच्या पट्टीपुरता सोलायचा, बाकी राहू द्या. भिंतीच्या कडेखाली दर 7-8 सेमीवर बारीक पिना किंवा पातळ तार सरकवायची, म्हणजे केसाएवढी फट राहते. मग सुईच्या बाटलीने आतल्या बाजूने केमिकल सोडत जायचं, आणि हे बघण्यासारखं असतं: थेंब फटीत शिरतो आणि स्वतःच पुढे धावतो, जिथवर गेलाय तिथवर कड काळसर पारदर्शक होते आणि पुढची अजून चंदेरी दिसते. चंदेरी ठिपका राहिला की तिथे केमिकल पोचलं नाही. अर्धा-एक मिनिट थांबायचं, कड मऊ होऊ द्यायची, मग पिना एकेक करून ओढायच्या, टँक आपल्या वजनाने खाली बसतो आणि बबल बाजूने बाहेर पडतात. पिना लवकर ओढल्या तर केमिकल बाहेर ढकललं जातं आणि जॉइंट सुका, उशीर केला तर पिना आतच अडकतात.

वरून थोडंच वजन ठेवा, दाबून धरायचं नाही. 24 तास हात लावू नका. बाहेर आलेली 2-3 एमएमची कड नंतर राउटरने फ्लश करा. पाणी किमान एक-दोन आठवड्यांनी, आणि तेही पाव पाव करत, प्रत्येक टप्प्याला एक दिवस. टेस्ट सोसायटीच्या गच्चीवर करायची असेल तर आधी सेक्रेटरींना सांगा, 300 लिटर पाणी ओतून देताना कोणीतरी वर येतंच.

जॉइंटमध्ये थोडे बबल राहिलेत, तोडून परत करू का?

ब्रेसच्या जॉइंटमध्ये सुटे सुटे बारीक बबल असतील तर राहू द्या. बबलची सलग रांग असेल किंवा तळाच्या जॉइंटमध्ये असतील तर मात्र विचार करा, तळाला आतून त्रिकोणी पट्टी मारून घ्या.

ब्रेसऐवजी बाहेरून ॲल्युमिनियमचा अँगल बसवला तर?

बसवा, पण चिकटवू नका. 10 डिग्री तापमान बदललं की एक मीटर ॲक्रिलिक सुमारे 0.7 एमएम वाढतं, ॲल्युमिनियम 0.23. घट्ट चिकटवलेले दोन एकमेकांना ओढत राहणार आणि हरणार तो जॉइंट. शिवाय ॲक्रिलिक पाणी पिऊनही थोडं फुगतं, तो भाग वेगळाच. अँगलची चौकट वेल्ड किंवा स्क्रू करून बाहेरून पट्ट्यासारखी बसवायची, मध्ये पातळ रबर. समुद्री टँक असेल तर लोखंड तर नकोच, साधं स्टीलही गंजतं.

माझ्या टँकला आधीच पोट आलंय. आता काय?

आधी पाणी कमी करा, आत्ताच, वाचून झाल्यावर नाही. 55 सेमीवरून 40 वर आणलंत की जोर जवळपास निम्मा होतो. मग कडेला दोरा ताणून मध्ये किती अंतर आहे ते मोजा आणि टेपवर तारीख टाकून लिहून ठेवा. 120 सेमीला 2-3 एमएम असेल आणि महिनाभर तिथेच थांबलं असेल तर बघत राहा. वाढत असेल, किंवा जॉइंटजवळ बॅटरी तिरकी धरून बघितल्यावर चकाकणाऱ्या बारीक रेषा दिसत असतील, तर टँक रिकामा करायचा.

रिकाम्या टँकला काही दिवस मोकळं सोडा, पोट बरंचसं आपोआप मागे जातं. उरलेलं लाकडाच्या दोन पट्ट्या आणि थ्रेडेड रॉडने हळूहळू आवळून सरळ करा. मग जुनी पट्टी असेल तर तिच्यावर नवी चढवू नका, ती राउटरने काढून कड सपाट करून अख्खी फ्रेम बसवा. भरलेल्या, फुगलेल्या टँकवर वरून पट्टी चिकटवणं म्हणजे पोट कायमचं करून ठेवणं.

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयातल्या बोगद्याला तर कुठे ब्रेस दिसायची नाही!

1951 सालच्या त्या मत्स्यालयाचं नूतनीकरण होऊन 2015 मध्ये तो 12 फुटी ॲक्रिलिक बोगदा आला. बोगदा कमानीसारखा गोल असतो, पाणी त्याला बाहेरून दाबतं, त्यामुळे शीट वाकण्याऐवजी दाबली जाते आणि गोलाईच तिला ताठ ठेवते. आपला टँक सपाट आणि पाणी आतून. त्या बोगद्यावरून आपल्या जाडीचा हिशोब करता येत नाही.

तिसऱ्या मजल्यावर ठेवलं तर फ्लोअर सहन करेल का?

ब्रेसिंगचा प्रश्न नाही, पण विचारतातच. 12 एमएमचा 120 × 45 × 60 टँक रिकामा 40 किलोच्या आसपास भरतो, काचेचा असता तर दुप्पट, म्हणून जुन्या बिल्डिंगच्या अरुंद जिन्यातून चढवायला ॲक्रिलिक बरं. भरल्यावर स्टँड, दगड, पाणी धरून 400 किलो, अर्ध्या चौरस मीटरवर. आयएस 875 मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या लोडच्या भारतीय मानकात, घराच्या खोलीला चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो, धरलेत, तेही पूर्ण खोलीभर पसरून. खोलीच्या मध्यभागी ठेवू नका, बीमच्या बाजूला, भिंतीला लागून ठेवा. लाकडी वाशांची चाळ असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एवढा मोठा टँक नको. आणि स्टँडचा वरचा प्लाय पूर्ण सपाट हवा, स्टँड पिळलेला असेल तर ब्रेसचा जॉइंटही पिळला जातो.

ब्रेस पुसायला काय वापरू?

पाणी आणि मऊ कापड. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे, स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, काहीही नको. ब्रेसवर सतत ताण असतो आणि ताणाखालच्या ॲक्रिलिकला अल्कोहोल लागलं की चिरा येतात. घरात पाहुणे आले आणि कोणी प्रेमाने स्प्रे मारून पुसून ठेवलं असं होऊ शकतं, बाटली लांब ठेवा.

फिल्टरच्या पाईपसाठी ब्रेसला भोक पाडलं तर चालेल?

मागच्या पट्टीत, मधोमध नाही तर टोकाकडे, पण कोपऱ्याच्या गोलाईत नको. भोकाच्या कडेपासून पट्टीच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना किमान 20 एमएम उरलं पाहिजे, 75 च्या पट्टीत म्हणजे 35 पर्यंतचं भोक. धारदार होल-सॉ, कमी स्पीड, पाणी मारत, आणि खाली लाकूड लावून, नाहीतर बाहेर पडताना तुकडा उडतो. त्यापेक्षा मोठा पाईप असेल तर ओपनिंगमधून न्या.